कुनिहिरोने न मागितलेली माफी

प्रिय सुगत,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलं असं समज. आज तू समोर असतास तर तोंडातून पहिला शब्द दुसराच निघाला असता, आणि मावशी घरात आहे म्हणून तू माझ्या तोंडावर हात ठेवला असतास.

लिहायचं कारण आधी सांगतो. दुपारचे तीन वाजलेत. सिंदी मेघेच्या रस्त्यावर उन्हामुळे चिटपाखरू नाही आणि दुकानात मी एकटा आहे. समोर कॉम्प्युटरवर एक फ्लेक्स उघडा पडलाय, सहा बाय चारचा. डावीकडे तुझा फोटो, श्याम्याच्या लग्नातला, बाजूची माणसं मी कापून टाकलीत. उजवीकडे राखी कवचातला पाठमोरा कुनिहिरो. आणि मधोमध पिवळ्या ठळक अक्षरांत ते वाक्य: 'मी चुकलो. मले विचाराले पाह्यजे होतं.'

येत्या रविवारी नाचणगावच्या समाजभवनात आपला ग्रुप तुझ्या आठवणीत त्या जपानी मालिकेचा एक्केचाळिसावा भाग मोठ्या पडद्यावर लावणार आहे. फ्लेक्स अर्थातच माझ्याकडे. श्रद्धांजलीचे फ्लेक्स करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे तूच सगळ्यांना हसून सांगायचास. परवापर्यंत तो छापून बांधायचाय आणि माझ्याच्याने छापण्याचं बटण दाबवत नाही.

कारण ते वाक्य खोटं आहे! कुनिहिरो तसं काही बोललेलाच नाही. तुला हे माहीत होतं. तूच ते घुसवलंस. काऊन बे, सुगत? काऊन?

रविवारी मला दोन शब्द बोलायचेत. तुला न ओळखणारेही येतील, म्हणून मी सगळं पहिल्यापासून आठवत बसलो होतो. आता तेच तुला सांगतो. तुला माहीत असलेलंच आहे, पण गप ऐक. तसाही तुझ्यापुढे दुसरा इलाज नाही.

ही मालिका तूच शोधून काढलीस. पाच कवचं, पाच लढवय्ये, नदीतून येणारे रबरी राक्षस. मी म्हणालो, ही पोरासोरांची गोष्ट आहे. तू म्हणालास, "दोन भाग पाय, मंग बोल." इंग्रजी अक्षरं खाली इतक्या भरभर पळायची की आमच्यापैकी निम्म्यांना राक्षस मेला की पळाला तेच कळायचं नाही. तेव्हा तू पुलगावचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान रविवारी बंद ठेवून वर्ध्याला स्तूपावरच्या म्हाताऱ्या जपानी भंतेजींकडे जायला लागलास. आधी नमस्कार शिकलास, मग अक्षरं, मग ते थकून प्रार्थनेचं ढोलकं वाजवायला निघून जाईपर्यंत त्यांना शब्द विचारत राहायचास. दोन वर्षांनी तू पहिल्या भागाला वऱ्हाडीत ओळी लावल्यास. लाल कवचवाला राक्षसापुढे छाती काढून उभा, आणि खाली अक्षरं आली, 'काऊन बे, लयच माजून राह्यला का?' मी हसता हसता खुर्चीवरून खाली आलो होतो.

बघता बघता ग्रुपमध्ये चाळीस माणसं झाली. वर्धा, देवळी, पुलगाव, हिंगणघाट. सगळी तुझ्या ओळींवर जगायची. लढताना त्या मालिकेत प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मुखवटा. तोंड दिसत नाही, ओठ दिसत नाहीत. कोण काय बोललं ते आम्ही खालच्या अक्षरांवरूनच समजायचो. म्हणजे तुझ्यावरून. आता कळतंय ना, मी एवढा का चिडलोय?

मग बाविसाव्या भागात तो राखी कवचवाला आला, कुनिहिरो, आणि आपली भांडणं सुरू झाली.

नवीन माणसाला मी हे असं सांगणार आहे: नदीतून सगळ्यात मोठा राक्षस येणार हे कुनिहिरोला एकट्याला आधी कळतं. गावात भोंगा आहे. तो वाजला की खालच्या वस्तीतल्या लोकांनी टेकडीवर पळायचं. कुनिहिरो विचार करतो की भोंगा वाजला तर चेंगराचेंगरी होईल, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतील, त्यापेक्षा मी एकटाच राक्षसाला थोपवतो. आणि तो भोंग्याची वायर कापतो. त्याला थोपवता येत नाही. खालची वस्ती झोपेत वाहून जाते, लाल कवचवाल्याच्या लहान बहिणीसकट.

तू म्हणायचास, चुकला, पण वाईट नाही. मी म्हणायचो, चुकला म्हणजे काय? रस्ता चुकतो माणूस. यानं लोकांचा पळायचा हक्क कापला! ग्रुपमध्ये तुझ्या बाजूने वीस, माझ्या बाजूने वीस. तुझे निरोप तीन-तीन मिनिटांचे. एकदा तुझ्या दुकानात आपण इतके बोंबललो की स्क्रीन बदलायला आलेल्या बाईंनी फोन परत मागितला. "आधी तुमचं आटपा, मंग येतो मी," असं म्हणून गेल्या त्या. आठवतं?

"त्याच्या मनात वाईट नव्हतं ना, मंगेश," हे तुझं पालुपद.

"मनात काय होतं थे वाहून गेलेल्या पोरीले जाऊन सांग!" हे माझं.

आणि मग ती संध्याकाळ. तू तुझ्या दुकानाला नेट नाही म्हणून माझ्याकडे येऊन ओळी लावत बसला होतास. मी कुनिहिरोला आईबहिणीवरून शिव्या देत होतो. तू कानातले हेडफोन काढलेस आणि इतक्या शांतपणे विचारलंस की माझी चिडचिडच संपली. "तू त्याले शिव्या देऊन राह्यला का स्वतःले?"

तुला काहीच माहीत नव्हतं, तरी तू तसं विचारलंस. आणि मी सांगून टाकलं.

माझ्या बहिणीचं, ज्योतीचं. तिने नर्सिंग केलं, पुण्याच्या एका दवाखान्यासाठी अर्ज भरला. अर्ज माझ्याच दुकानातून. सिंदी मेघेत कोणाचाही अर्ज भरला की फोन नंबर माझा आणि ईमेल दुकानाचा, ही आपली सवय, कारण लोकांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत. निवड झाल्याचं पत्र दुकानाच्या ईमेलवर आलं. मी ते वाचलं. बाबांना तेव्हा नुकताच लकवा मारून गेला होता. मी उत्तर लिहिलं, 'उमेदवार इच्छुक नाही.' आणि ज्योतीला सांगितलं की काही आलं नाही. आठ महिन्यांनी तिच्या मैत्रिणीकडून तिला कळलं. त्यानंतर दीड वर्ष ती माझ्याशी बोलली नव्हती. एकाच घरात! ताट पुढे ठेवायची, बाबांचं औषध संपलं की रिकामी पाकिटं माझ्या गाडीच्या सीटवर ठेवायची, पण शब्द नाही.

"तिच्याच भल्यासाठी केलतं मी," असं मी तुला म्हणालो. तू चहा संपवलास. हेडफोन पुन्हा कानात घातलेस. मला वाटलं, तू मला नीच समजलास. रात्रभर तेच डोक्यात होतं.

दोन दिवसांनी एक्केचाळिसावा भाग आला.

धरणाखालची ती मोकळी झालेली वस्ती. पाण्याचा प्रचंड आवाज. कुनिहिरो मुखवट्यात, पाठमोरा. लाल कवचवाला मागून तलवार उगारतो. आणि खाली तुझी अक्षरं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबलेली: 'मी चुकलो. मले विचाराले पाह्यजे होतं.' मग वार न करताच तो तलवार खाली करतो. भाग संपतो.

ग्रुपमध्ये मीच सगळ्यात आधी लिहिलं, की मी हरलो. एवढं जो म्हणू शकतो त्याला माफ करायला हवं. तू खाली फक्त एक हसरा चेहरा टाकलास. त्या हसऱ्या चेहऱ्याचा आज किती राग येतोय, सांगू शकत नाही!

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ज्योती कणीक मळत होती. मी तेच म्हणालो, शब्दन् शब्द. "ज्योती, मी चुकलो. मले तुले विचाराले पाह्यजे होतं." ती तशीच मळत राहिली. मग म्हणाली, "एवढं म्हणायले दीड वर्ष लागलं तुले?" आणि कणकेच्या हातांनी डोळे पुसायला गेली, सगळं तोंड भरलं तिचं. त्याच वर्षी ती पुण्याला गेली, दुसऱ्या दवाखान्यात. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू मान हलवलीस आणि म्हणालास, "चांगलं झालं." फक्त एवढं? एवढं मोठं गुपित पोटात ठेवून फक्त 'चांगलं झालं'?

मग त्याच वर्षी आलेला तो भादवा. डेंग्यू. चार दिवस. पहिल्या दिवशी तू फोनवर म्हणालास, अंग दुखून राह्यलं, सत्तेचाळिसावा भाग पुढच्या आठवड्यात देतो. चौथ्या दिवशी मी नाचणगावला आलो तेव्हा अंगणात माणसं खाली बसलेली होती. त्याबद्दल मला आज लिहायचं नाही. त्यावर मी रडून घेतलंय. आज मला भांडायचंय.

तर मागच्या आठवड्यात मला एक शहाणपण सुचलं. फ्लेक्सवर वऱ्हाडी वाक्याखाली मूळ जपानी वाक्यही टाकू, शोभा येईल. ग्रुपमधली देवळीची श्रावणी, तुझ्यामुळेच जपानी शिकायला लागलेली, आता म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला जपानला निघाली आहे. मी तिला म्हटलं, तेवढं वाक्य ऐकून लिहून दे. दोन दिवस तिचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली, हेडफोन घेऊनच.

"दादा, तिथं वाक्यच नाई."

"म्हणजे?"

"थो काहीच बोलत नाई. नुसता पाण्याचा आवाज आहे. मी दहादा ऐकलं. पहिले वाटलं माह्यं जपानी कच्चं आहे. मंग आमच्या जपानीच्या मॅडमले ऐकवलं. त्यायलेही काहीच नाई ऐकू आलं."

मी तिला म्हटलं, पुटपुटला असेल मुखवट्याच्या आत. ती म्हणाली, मुखवट्याच्या आत कोण पुटपुटतं आणि तेही आवाज न करता?

ती गेल्यावर मी तुझं फोल्डर उघडलं. तू माझ्याच कॉम्प्युटरवर बसायचास, विसरलास का? एक्केचाळिसाव्या भागाच्या दोन फायली आहेत. पहिलीत त्या जागी काही नाही, कोरं. ती तू त्या संध्याकाळी केलीस, मी ज्योतीचं सांगायच्या आधी. दुसरी दुसऱ्या दिवशीची. तीत ते वाक्य आहे. बाकी एका काना-मात्रेचा फरक नाही. मी दोन्ही ओळीओळीने ताडून पाहिल्या.

सांग ना, वाद जिंकायला घातलंस की माझ्यासाठी? वाद जिंकायला घातलं असशील तर तू लबाड आहेस. माझ्यासाठी घातलं असशील तर त्याहून मोठा लबाड आहेस! चाळीस माणसांना तीन वर्षं एक न झालेली गोष्ट खरी म्हणून दाखवलीस. त्यावर लोक भांडले, रडले. हिंगणघाटच्या एका पोराने ते वाक्य दंडावर गोंदवून घेतलंय, सुगत! गोंदवून! आता त्याला मी काय सांगू? हात धुऊन टाक म्हणू?

आणि तुझ्या त्या कुनिहिरोने तरी दुसरं काय केलं होतं? लोकांना झेपणार नाही म्हणून त्यांच्यापासून खरं लपवलं. तू त्याची बाजू घेऊन का भांडत होतास ते मला आता कळलं. तू तुझ्याच स्वभावाची बाजू मांडत होतास.

हे लिहून मला बरं वाटतंय असं समजू नकोस. कारण श्रावणी निघताना मी काय केलं तेही सांगतो. मी तिला म्हटलं, "हे कोणाले सांगजो नको. सुगतचं नाव खराब होईन. लोकायच्याच भल्यासाठी म्हणतो."

ती दारात थांबली. वीस वर्षांची पोरगी, पण नजर अशी की मी खुर्चीत आकसलो. "म्हणजे भोंग्याची वायर कापायची ना, दादा?" एवढं म्हणून गेली.

इथे मी काल पत्र सोडलं होतं. गिऱ्हाईक आलं, वाढदिवसाचा फ्लेक्स हवा होता. तो करता करता वाटलं की आधी ज्योतीला सांगायला हवं. तिच्याजवळ मी जे बोललो ते उसनं होतं, आणि तेही ज्याचं म्हणून उसनं घेतलं त्याचं नव्हतंच. संध्याकाळी तिला फोन लावला. ड्युटी संपवून ती खोलीवर आली होती. सगळं सांगितलं.

आता पुन्हा ते दीड वर्ष सुरू होणार असं मला वाटलं.

मग म्हणाली, "म्हणजे थे वाक्य सुगतदादाचं होतं. मंग तुह्यं काय होतं त्यात?"

"भावना तर माह्यीच होती ना."

"नाई. तुह्यं वाक्य काय आहे थे सांग. मी फोन नाई ठेवत."

सुगत, मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. आणि तुला सांगतो, माझं वाक्य सापडेपर्यंत मला घाम फुटला. कारण जे सापडलं ते तुझ्या वाक्याइतकं चांगलं नव्हतं. मी म्हणालो, "तू गेली असती तर बाबाचं सगळं माह्यावर आलं असतं. मले भीती वाटली. तुह्यं भलं-बिलं काही नव्हतं त्यात. मी माह्यं पाह्यलं."

ती म्हणाली, "माहीत होतं मले." मग नाक ओढलं. "पण तू म्हणावं असं वाटत होतं."

फोन ठेवल्यावर मला तुझा आणखी राग आला. माझ्यावर उपकार केलेस खरे, पण तुझ्या त्या सुबक वाक्यामागे मला आरामात लपता आलं. 'विचारायला हवं होतं' म्हटलं की चूक फक्त न विचारण्याची उरते. मी काय केलं, कशासाठी केलं, ते झाकून गेलं. तीन वर्षं माझी बहीण खऱ्या वाक्याची वाट बघत होती आणि मला वाटत होतं की आमचं मिटलंय. तू मला काही बोलला असतास तर? त्या संध्याकाळी चहा पीत न बसता 'मंग्या, तू भ्याला' एवढं म्हणाला असतास तर? मी चिडलो असतो, तुला दुकानाबाहेर काढलं असतं, पण त्या रात्री माझ्या डोक्यात तू नाही, ज्योती असती. तू मात्र एका जपानी मुखवट्याला पुढे केलंस. मित्र होतास ना? मग तोंडावर बोलायला काय झालं होतं?

आज सकाळी मी गाडी काढली आणि नाचणगावला गेलो. कोणाला काय सांगायचं हे मी एकट्याने ठरवायचं नाही, एवढं तरी ज्योतीकडून शिकलो. सगळ्यात आधी विचारायचं ते तुझ्या आईला.

मावशी ओसरीवर सुपात गहू निवडत होती. तुझी टेबलावरची छोटी पक्कड, स्क्रू काढायचे पेचकस, सगळं तिने पुसून एका डब्यात ठेवलंय. मी खाली बसलो आणि कसंबसं म्हणालो, "मावशी, सुगतनं त्या भागात एक वाक्य सोताच्या मनानं टाकलतं."

"शिवी आहे काय?"

"नाई."

"मंग एवढा काऊन घाबरून राह्यला तू?"

मी मोबाइलवर तो प्रसंग लावला. मावशीने चश्मा पुसला, सूप बाजूला ठेवलं. "हा पाठ करून काऊन उभा आहे?" मी गोष्ट सांगितली. भोंगा, वायर, वाहून गेलेली वस्ती. तिने मान हलवत हलवत ऐकलं.

"अन् थो काहीच नाई म्हणत?"

"नाई."

"खाली लिहलं थे माह्या पोराचं?"

"हो."

तिने पुन्हा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तिने पडद्यावर बोट ठेवून ती ओळ एक-एक अक्षर लावत वाचली. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज हलला नाही तिचा.

"मंग त्या जपान्याच्या नावावर काऊन छापतं तू? माह्या पोराचं आहे तर त्याचं नाव टाक ना."

मी म्हणालो, मावशी, लोक म्हणतील सुगतनं फसवलं.

"फसवलंच तं! फसवलं तं फसवलं म्हणा लोकायले. थेही सांगजो." मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "आमच्या घरी देव नाई, बाबू. माह्या पोराले तू देव नको करू."

परत येताना पुलगावच्या पुढे मी गाडी बाजूला लावली आणि श्रावणीला फोन केला. म्हटलं, गप बस म्हणालो ते चुकलं. मला लपवायचं होतं कारण मलाही त्या वाक्याची गरज होती. रविवारी जे ऐकलं, किंवा नाही ऐकलं, ते तूच सगळ्यांसमोर सांग. ती म्हणाली, "बरं दादा." मग विचारलं, "सुगतदादाचा राग येतो ना?" मी म्हणालो, लय. ती म्हणाली, "मलेही."

आता फ्लेक्स बदललाय. कुनिहिरोला उजवीकडून काढून टाकलं. तुझा फोटो मध्ये घेतला. वाक्य तेच ठेवलं, आणि खाली तुझं नाव. अक्षरं पिवळी होती ती पांढरी केली, पिवळी जरा लग्नाची वाटत होती. आता छापायला टाकतो.

माझा राग गेलाय असं समजू नकोस. भंतेजींकडे दोन वर्षं खेटे घालून तू भाषा शिकलास, आणि जिथे त्या माणसांनी मुद्दाम गप्प राहायचं ठरवलं तिथे तुला राहवलं नाही! कुनिहिरो गप्प राहिला आणि तरीही लाल कवचवाल्याने तलवार खाली केली. का केली? हा केवढा मोठा प्रश्न होता! तो आमच्यापुढे ठेवायचा सोडून तू उत्तर लिहून दिलंस. आमच्यावर भरवसा नव्हता तुझा? आम्ही भांडलो असतो वर्षभर. तुला तेच तर हवं असायचं.

आणि एक गोष्ट राहिली. त्याने माफी मागितलीच नाही म्हटल्यावर आपला वाद मी जिंकलो. इतक्या वर्षांनी! मी हरल्याचं ग्रुपमध्ये लिहिलं होतं ते मागे घेतो. आता तू चिडून तीन मिनिटांचा निरोप पाठवायचा आणि मी तो न ऐकताच पुसून टाकल्याचं सांगायचं, असं व्हायला हवं होतं. सकाळपासून चारदा मोबाइल हातात घेतला मी. जिंकलो रे सुगत, आणि हे कोणाला ऐकवू?

म्हणून एक वचन देतो, नीट ऐक. रविवारी तो प्रसंग मी दोनदा लावीन. आधी कोरा, त्यांनी केला तसा. मग तुझा, तुझ्या नावासकट. तू काय केलंस ते सगळ्यांना सांगीन, आणि मी ज्योतीशी काय केलं तेही. त्यानंतर वाद होईल, होणारच. कुनिहिरोने तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही म्हटल्यावर सगळे माझ्या बाजूला येतील आणि तुझ्या बाजूला कोणी उरणार नाही. तेव्हा मी उठून तुझ्या बाजूला जाऊन बसणार आहे. त्याची माफी नाही, तुझी ओळ नाही, हातात काही नाही, तरी कुनिहिरोची बाजू मी लढवीन. हरेपर्यंत लढवीन.

तुझ्यावर अजून चिडलेला,
मंगेश